गेट्सहेडचं गोदाम

ही इंग्लंडमधली टाइन नदी. एका काठाला न्यूकॅसल, समोर गेट्सहेड. इथे नदीलगत गिरण्या, गोदामं, राहती घरं सगळं अगदी खेटून उभं होतं, मधे नुसत्या अरुंद गल्ल्या.

६ ऑक्टोबर १८५४. मध्यरात्र उलटून गेलीय आणि एका लोकरीच्या गिरणीला आग लागते. आत लोकर आणि तेल, त्यामुळे बघता बघता सगळी गिरणी पेटली. पण खरा धोका शेजारी होता. शेजारच्या गोदामात गंधक होतं, हजारो टन, आणि त्याच छपराखाली सोडियम नायट्रेट, म्हणजे बारुदीत घालतात त्या सोऱ्याचं सख्खं भावंड. दोन्ही रोजच्या व्यापारातला माल, म्हणून शेजारी घरं असूनही ते राजरोस तिथे साठवलेलं होतं.

आता हे नीट ऐका. गंधक ११५ अंशांच्या आसपास वितळतं आणि पेटलेलं असतानाच वाहत सुटतं, फटींतून, भिंतींवरून, जिथे वाट मिळेल तिथे, निळ्या ज्वाळांचे नुसते ओघळ, आणि त्याचा धूर छातीत गेला की श्वास घेता येत नाही. नायट्रेट स्वतः जळत नाही, पण तापलं की ऑक्सिजन सोडतं, म्हणजे वरून झाकून, हवा तोडून ही आग विझणारच नाही. पोत्यात, लाकडी फळ्यांत मुरलेलं नायट्रेटसुद्धा तेवढंच घातक असतं. मला वाटतं खरी गफलत इथेच होते, माणसं एकेक माल वेगळा तपासतात आणि त्याच्या बाजूला काय ठेवलंय ते बघतच नाहीत.

आग बघायला लोक धक्क्यावर, पुलावर जमले, सैनिक मदतीला धावले. तीननंतर गोदाम फुटलं. पेटते दगड, लाकडं नदी ओलांडून पलीकडे पडली आणि न्यूकॅसलच्या धक्क्यालगतच्या इमारतीही पेटल्या. ५० च्या वर माणसं गेली, शेकडो जखमी झाली, त्यातली किती तरी नुसती बघायला आलेली होती!

लोकांना खात्रीच होती की आत चोरून बारूद ठेवली असणार, मालकाने ते नाकारलं, चौकशीत रसायनतज्ज्ञांना बोलावलं गेलं.

आज नियम साधा आहे: नायट्रेट एका इमारतीत, गंधक आणि कोळसा दुसऱ्या इमारतीत, आणि दोन्ही वस्तीपासून लांब. नायट्रेटखाली लाकडी जमीन नको, आणि सांडलेलं नायट्रेट भुशाने कधीच गोळा करायचं नाही.