नाथसागरातला ‘पूर’

(रडार प्रतिमांवरून पूरनकाशे करणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे नांदेडला दिलेल्या व्याख्यानातून)

मघाशी एकीनं लॅपटॉप पुढे केला. म्हणाली, “सर, पैठण उजवीकडे आणि गंगाखेड डावीकडे. गोदावरी उलटी वाहतेय!” घाबरू नका, काही बिघडलेलं नाही. सेंटिनेल-१ हा रडार उपग्रह उत्तरेकडून दक्षिणेकडे जाताना उजव्या हाताला, म्हणजे पश्चिमेला बघतो. जवळचा परावर्तित सिग्नल आधी येतो, तो आधी लिहिला जातो, म्हणून पूर्व डावीकडे पडते. स्नॅप या सॉफ्टवेअरमध्ये टेरेन करेक्शन केलं, म्हणजे प्रतिमा जमिनीवरच्या खऱ्या जागी बसवली, की चित्र सरळ होतं. तोवर त्याला नकाशा म्हणूच नका.

दुसरी तक्रार कोऱ्या नकाशाची. शांत पाण्यावरून रडारच्या लहरी पलीकडे निसटतात, म्हणून ते काळं दिसतं आणि त्याचा आकडा कमी येतो. “उणे १७ पेक्षा कमी ते पाणी” अशी अट घातली आणि काहीच उमटलं नाही. कॅलिब्रेशननंतरचे, म्हणजे कच्च्या सिग्नलचं मोजमाप केल्यावरचे आकडे ०.०२, ०.१ असे शून्याच्या वरचे असतात, त्यांत उणे १७ कुठून सापडणार? डेसिबल या लॉगरिदमच्या मापात रूपांतर राहिलं होतं. (उणे १७ डेसिबल म्हणजे साधारण ०.०२.) आणि हा आकडा दगडावरची रेघ नाही. वारा सुटला की पाण्यावर लाटा उठतात आणि तेच पाणी उजळ दिसतं. दर प्रतिमेचा हिस्टोग्राम, म्हणजे कोणता आकडा किती वेळा येतो त्याचा आलेख, उघडून बघा.

आता माझी फजिती. सप्टेंबर २०२५ मध्ये मराठवाड्यात अतिवृष्टी झाली, तेव्हा घाईघाईत मी पुराआधीची म्हणून मे महिन्याची प्रतिमा घेतली. दोन्हींची वजाबाकी केली, तर कायगाव टोक्याच्या खाली, नाथसागराच्या म्हणजे जायकवाडी धरणाच्या जलाशयात, निळाच निळा पूर. गंगापूर तालुक्यातल्या मामांना कौतुकानं नकाशा पाठवला. त्यांचा लगेच फोन. “अरे, ही तर आमची गाळपेर! पाणी हटलं की पेरतो, धरण भरलं की सोडतो. ह्याला कोण पूर म्हणतं?”

नाथसागर पूर्ण भरला की सुमारे ३५० चौरस किलोमीटरवर पसरतो, उन्हाळ्यात आक्रसतो. मी धरण भरल्याचा नकाशा काढून त्याला पूर म्हटलं होतं. प्रक्रियेत एकही एरर आली नव्हती, हे विशेष. आता मी आधीची प्रतिमा त्याच पावसाळ्यातली, त्याच कक्षेतली घेतो, १२ किंवा २४ दिवस मागची. उपग्रह त्याच वाटेनं १२ दिवसांनी परततो, म्हणून बघण्याचा कोनही तोच राहतो.

उलटी चूक उसात होते. या रडारची तरंगलांबी जेमतेम साडेपाच सेंटिमीटर. सप्टेंबरात ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. लहरी पाचटातूनच माघारी येतात, खाली गुडघाभर पाणी असलं तरी त्यांना पत्ता नसतो. सोयाबीन पुरतं बुडालं तर काळं दिसतं. पण ताटं पाण्याबाहेर असली, तर लहर पाण्यावरून ताटावर आपटून परतते आणि ते रान कधी कधी पुराआधीपेक्षा उजळ दिसतं. आपण शोधतो काळं, आणि पाणी लपलेलं असतं पांढऱ्यात.

म्हणून नदीकाठच्या उसाला मी हल्ली राखाडी रंग देतो आणि सूचीत लिहितो, “रडारला दिसत नाही”. तिथं नकाशावर पांढरं, म्हणजे ‘पूर नाही’, असं ठेवलं, तर नकाशा घेऊन पाहणीला निघालेला माणूस बांधापर्यंत न जाता गाडी रस्त्यावरूनच वळवतो.