अँग्विलाची रात्र

कॅरिबियन बेटांच्या ईशान्य टोकाला, सेंट मार्टिन बेटाच्या उत्तरेला अँग्विला आहे. लांबी साधारण २६ किलोमीटर, रुंदी पाचेक किलोमीटर, लोकवस्ती पंधरा हजारांच्या आसपास. ब्रिटनच्या अखत्यारीतलं हे बेट. इथे कॅसिनो नाहीत. हजारो प्रवासी उतरवणारी अवाढव्य क्रूझ जहाजंही इथे लागत नाहीत. संध्याकाळी ब्लोइंग पॉइंटच्या धक्क्यावरून सेंट मार्टिनला जाणाऱ्या बोटी थांबल्या, की मागे राहतात ती बेटावरची माणसं आणि मुक्कामाला आलेले थोडे पाहुणे. दोघंही मग एकाच ठिकाणी जेवतात आणि एकाच वाळूत नाचतात.

हे सँडी ग्राउंड. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला मिठागराचं तळं, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीवर गाव. या तळ्यातल्या मिठावर बेटाने कित्येक पिढ्या काढल्या. १९८०च्या दशकात तो धंदा बसला. मिठाच्या कारखान्याची इमारत मात्र उभी होती. तिथे आज ‘पम्पहाउस’ नावाचा बार चालतो. जिथे आजोबांनी मीठ भरलं, तिथे नातवंडं गाणी ऐकायला येतात. मला सगळ्या बेटावर याहून आवडलेली जागा नाही.

आठ वाजता आलात तर बहुतेक खुर्च्या रिकाम्या दिसतील. नाराज होऊ नका. दहाच्या आधी इथे रंग भरत नाही. तोवर पोटाचं बघा. रस्त्याकडेला तेलाचं पिंप उभं चिरून केलेली शेगडी असते. निखाऱ्यांवर कोंबडी आणि डुकराच्या बरगड्या भाजत असतात, सोबत जॉनी केक, म्हणजे मैद्याची तळलेली जाडसर भाकरी. भाजणारा माणूस घाई करत नाही. तुम्हीही करू नका. कोंबडीची कातडी काळसर होऊन तडतडायला लागली, की तोच हाक मारतो.

आणि रम पंच. त्याचं प्रमाण कॅरिबियनमध्ये तोंडपाठ असतं: एक भाग आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ. लिंबाचा रस, साखरेचा पाक, रम, आणि पाणी किंवा फळांचा रस. वरून जायफळ किसायचं, तेच जे आपण पुरणात घालतो. गोडव्यामुळे रमचा जोर जिभेला कळत नाही, पायांना कळतो. म्हणून गाडी हॉटेलवरच ठेवा, टॅक्सीने या. टॅक्सीवाल्याला आणखी एक गोष्ट विचारा: आज वाजवणारे कुठे आहेत? बेट लहान, वादक मोजके. त्यामुळे रोज सगळीकडे गाणं नसतं. ज्या रात्री जिथे बँड, तिथे गर्दी.

आता दक्षिण किनाऱ्यावर जाऊ, ‘राँदेव्हू बे’ या पुळणीवर. वाहून आलेली लाकडं आणि जुन्या होड्यांचे भाग जोडून उभारलेली ही जागा म्हणजे ‘ड्यून प्रिझर्व्ह’. उभारणारा बँकी बँक्स, अँग्विलाचा सर्वांत नावाजलेला रेगे गायक. लहानपणी त्याने पहिली गिटार स्वतःच्या हाताने बनवली होती. १९९१मध्ये त्याने ‘मूनस्प्लॅश’ हा महोत्सव सुरू केला, मार्च महिन्यातल्या पौर्णिमेच्या सुमाराला. पायाखाली वाळू, समोर पाण्यापलीकडे सेंट मार्टिनचे दिवे. जगभरचे गायक इथे येऊन गायले, पण यजमान कायम बँकीच.

क्रिकेटवेड्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. २००३मध्ये अँटिग्वाला वेस्ट इंडिजने ऑस्ट्रेलियाविरुद्ध चौथ्या डावात ४१८ धावांचा पाठलाग केला. कसोटीतला तो आजही विक्रम आहे. सरवान आणि चंद्रपॉल यांच्या शतकांनंतर शेवटपर्यंत टिकून नाबाद ४७ धावा काढणारा ओमारी बँक्स हा याच बँकीचा मुलगा. कसोटी खेळलेला पहिला अँग्विलाकर. पुढे त्यानेही बॅट ठेवून गिटार उचलली.

६ सप्टेंबर २०१७ला इर्मा चक्रीवादळाने बेट झोडपून काढलं. घरांची छपरं गेली, किनाऱ्यावरचे बार मोडले. लोकांनी ते पुन्हा उभे केले. आज जिथे टेबलावर कोपर टेकून बसतो, ती फळी कुणीतरी वादळानंतर पुन्हा ठोकलेली असते, हे लक्षात असू द्यावं.

आणि वर्षातली सर्वांत मोठी रात्र खरं तर पहाटे सुरू होते. ऑगस्टचा पहिला सोमवार, ऑगस्ट मंडे. १ ऑगस्ट १८३४ला ब्रिटिश वसाहतींमधली गुलामगिरी कायद्याने संपली, त्याची आठवण. अंधार असतानाच लोक जुव्हेसाठी, म्हणजे पहाटेच्या नाचत्या मिरवणुकीसाठी, घराबाहेर पडतात. ट्रकवर बँड, मागे नाचणारे, राजधानी व्हॅलीपासून थेट सँडी ग्राउंडपर्यंत. तिथे पोचल्यावर झोपायला कुणी जात नाही, कारण होड्यांच्या शर्यती असतात, आणि शिडाच्या होड्यांची शर्यत हा अँग्विलाचा राष्ट्रीय खेळ आहे. पूर्वी इथले पुरुष शिडाच्या गलबतांतून डोमिनिकन रिपब्लिकच्या उसाच्या मळ्यांवर मजुरीला जात. परतताना कोण आधी घरी पोचतो याची चुरस लागे. शर्यतीची ओढ तिथून आली. होडीवर छप्पर नाही, समतोलासाठी आत वाळूची पोती, आणि वजन जड झालं की खलाशी चक्क समुद्रात उडी घेतात.

किनाऱ्यावर त्या वेळी आरडाओरडा टिपेला पोचलेला असतो. कोणत्या गावाची होडी पुढे, कुणाच्या सुकाणूवाल्याने वारा चुकवला, यावरचे वाद रात्री बारमध्येही चालू राहतात. तुम्ही त्यात एक प्रश्न टाकून पाहा. चार जण चार उत्तरं देतील. ऑगस्ट हा वादळांचा हंगाम आहे, हे खरं. तरी जमत असेल तर त्याच आठवड्यात या, आणि राहण्याची सोय बरीच आधी करा.