कणसाआधीची बाजरी
(दूध उत्पादकांच्या मेळाव्यातील व्याख्यान, संपादित)

मंडळी, फलकावर विषय लिहिलाय ‘उन्हाळी चारा बाजरी : पेरणी ते मुरघास’. मुरघास म्हणजे हवाबंद करून मुरवलेला हिरवा चारा. पेरणीकडे येतोच. पण एक गोष्ट बरीच वर्षं मनात साचली आहे, ती आधी बोलू द्या.

आपण बाजरी पेरतो माणसासाठी, आणि जनावराला देतो उरलेलं. कणसं खुडली, मळणी झाली, की सरमाड गोठ्यात. तोवर ताटाचं काष्ठ झालेलं असतं, पानं वाळून झडलेली असतात, सत्त्व दाण्यात गेलेलं असतं. आणि त्याच सरमाडावर गाईनं बादली भरावी अशी आपली अपेक्षा! १९६५ साली एचबी-१ हा पहिला संकरित वाण आला, तिथून दाणा वाढला. वाढायलाच हवा होता. पण आजही दुकानात गेल्यावर आपण कणीस केवढं येतं हे विचारतो. फुटवे किती, पानं किती रुंद, कापल्यावर पुन्हा फुटते का, हे विचारणारा गिऱ्हाईक मी क्वचितच पाहिला.

पारनेर तालुक्यातल्या एका घरची गोष्ट सांगतो. मुलानं उन्हाळ्यात पाऊण एकर चाऱ्याची बाजरी केली. पीक माणसाच्या वर गेलं, पोटरी फुटली, कणसं डोकावायला लागली. कापणीचा दिवस ठरला आणि आई बांधावर येऊन उभी राहिली. म्हणाली, “तोंडाशी आलेल्या पिकाला विळा लावायचा नाही. लक्ष्मी आहे ती.” त्या माउलीचं काय चुकलं? बहात्तरच्या दुष्काळात सुकडीवर दिवस काढलेलं माणूस ते. तिला कणीस दिसलं की भाकरी दिसणार. मुलगा थांबला. दाणा भरायला लागला तशी पाखरं उतरली. उन्हाळ्यात शिवारात दुसरं हिरवं रान नव्हतं, सगळे थवे त्या पाऊण एकरात. दाणा निम्मा पाखरांनी नेला आणि ताटं इतकी निबर झाली की म्हशींनी पानं ओरबाडली, नुसती ताटं गव्हाणीत तशीच सोडली. घरात दाणा नाही, गोठ्यात चारा नाही. म्हणून माझं म्हणणं आहे, चाऱ्याची बाजरी पहिल्या दिवसापासून वेगळ्या तुकड्यात करा आणि घरातल्या मोठ्यांना पेरतानाच सांगा, ही जनावरांची आहे. त्यांची भाकरीची बाजरी खरिपात त्यांच्या हातानं पेरू द्या.

२०२३ हे भरडधान्यांचं आंतरराष्ट्रीय वर्ष झालं. भाकरी, लाडू, बिस्किटं यांवर पुष्कळ बोललं गेलं. चाऱ्याच्या बाजरीवर बोलणारं मला तरी कुणी भेटलं नाही. मागं बसलेल्या ताई मान हलवतायत, धारा त्याच काढतात ना!

चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. भराभर सांगतो, लिहून घ्या.

वाण : राहुरी विद्यापीठाचा जायंट बाजरा किंवा बायफ संस्थेचा बायफ बाजरा-१. पेरणी फेब्रुवारीच्या मध्यापासून, थंडी ओसरल्यावर. गारठ्यात उगवण धड होत नाही. एकरी चार किलो बियाणं, ओळींत एक फूट अंतर, बी खोल टाकू नका. पहिली कापणी पन्नास-पंचावन्न दिवसांनी, फुलोऱ्याच्या सुरुवातीला. जमिनीपासून चार बोटं ठेवून कापा, बुडाशी खरवडलं तर फुटवा मरतो. कापलं की युरियाचा हप्ता आणि पाणी. पुढची कापणी महिन्या-सव्वा महिन्यानं. मक्यापेक्षा पाणी कमी लागतं, हलकी जमीनही चालते.

कोवळ्या ज्वारीनं जनावराला किराळ लागतं, म्हणजे विषबाधा होते, तशी भीती बाजरीत नाही. पण नायट्रेटच्या विषबाधेची आहे. पीक ताणावर असेल, युरिया जास्त पडला असेल आणि त्यावर पाऊस झाला, तर लगेच कापून घालू नका, आठवडाभर थांबा. नायट्रेट बुडख्यात जास्त असतं आणि वाळवून जात नाही. मुरघासात बरंच कमी होतं. मुरघासासाठी कापलेला चारा थोडा सुकू द्या, कुट्टी करा, दाबून हवा काढा, दीड महिना उघडू नका.

शेवटचं. बाजरीत ऑक्झॅलेट असतं, ते कॅल्शियम अडवतं. दुभत्या जनावराला नुसती बाजरी घालू नका. सोबत लसूणघास किंवा चवळी द्या, खनिज मिश्रण रोज द्या. उसाचं वाढं चालू असेल तर जास्तच सांभाळा, ऑक्झॅलेट त्यातही आहे. नेपियर गवताच्या ठोंबांविषयी ज्यांना विचारायचंय त्यांनी जेवणाच्या सुट्टीत मला गाठा.