करवंटी ते डायलिसिस

(दृश्य: करवंट्यांचा ढीग, फावडं)
तमिळनाडूतला कांगेयम परिसर. खोबरं तेलाला गेलं, मागे राहिल्या या करवंट्या. कोकणात त्या बंबाखाली जातात. इथे त्यांचा भाव ठरतो.

(दृश्य: खड्ड्यातला जाळ)
पेटवायचं, वर थर चढवत जायचं, पण भडका उडू द्यायचा नाही. हवा कोंडली तरच राख न होता कोळसा हाती लागतो. साधारण तीन किलोंमागे एक किलो. धुराचा आणि कोळसा विझवलेल्या पाण्याचा आसपासच्या वस्तीला त्रास होतो, हेही खरं.

(दृश्य: फिरती भट्टी, आतला तांबडा उजेड)
हा कोळसा अजून साधाच. भट्टीत 900 अंश सेल्सिअसच्या आसपास त्यावर वाफ सोडतात. वाफ त्याला आतून कोरत जाते, डोळ्यांना न दिसणारी छिद्रं पडतात. हातावरचे हे दाणे बघा. एका ग्रॅमच्या आतला पृष्ठभाग भरतो 1000 चौरस मीटरच्या घरात. दहा गुंठे रान!

(दृश्य: दोन परीक्षानळ्या, ओटीचे म्हणजे क्लोरीन ओळखणाऱ्या ऑर्थोटोलिडिनचे थेंब)
नळाचं पाणी पिवळं झालं, म्हणजे क्लोरीन आहे. गावातला जलसुरक्षक हाच रंग शोधतो, आणि तिथे तो दिसायलाच हवा. याच दाण्यांमधून, म्हणजे सक्रिय कार्बनमधून आलेलं पाणी मात्र पांढरंच राहिलं. क्लोरीन छिद्रांत नुसता अडकत नाही. कोळशाशी क्रिया होऊन त्याचा क्लोराइड होतो. पाण्यातले क्षार कार्बन काढत नाही, विकणारा काहीही सांगो. आणि क्लोरीन गेला की पाण्याला राखण नाही. जुन्या फिल्टरमध्ये जंतू वाढतात.

(दृश्य: डायलिसिस केंद्रामागची खोली, उंच टाक्या)
चार तासांच्या एका डायलिसिसला 120 लिटरच्या आसपास पाणी लागतं. रक्त आणि ते यांच्यामध्ये फक्त एक पातळ पडदा. म्हणून आरओच्या आधी कार्बनच्या दोन टाक्या, एकीमागे एक. अमोनियाशी जोडला गेलेला क्लोरीन, म्हणजे क्लोरामाइन, सहज सुटत नाही. त्यासाठी पाणी कार्बनमध्ये दहा मिनिटं तरी राहावं लागतं.

(दृश्य: मधला नळ, तपासणीची पट्टी)
तंत्रज्ञ नमुना घेतात तो दोन टाक्यांच्या मधून. पहिली दमली तर इथेच कळतं, दुसरी हाताशी असते. दुसरीनंतरही क्लोरीनचा आकडा लिटरला 0.1 मिलिग्रॅमच्या वर गेला तर पेशंटला मशीनवर घ्यायचं नाही. क्लोरामाइन रक्तात गेलं तर तांबड्या पेशी फुटतात. ही तपासणी प्रत्येक शिफ्टच्या आधी.