कमानींच्या गर्दीत एक भाताचं खाचर

जपानमधलं क्योतो. इनारी स्थानकातून बाहेर पडून रस्ता ओलांडला, की समोरच शेंदरी रंगाची उंच कमान. तोरी. हिच्या अलीकडे गाव, पलीकडे देव.

हे फुशिमी इनारी ताइशा. उकानोमितामा या अन्नदेवतेचं ठाणं. परंपरा सांगते, स्थापना इ.स. 711 ची.

जुनी कथा आहे. हाता कुळातल्या एका धनवानाकडे तांदूळ इतका, की त्यानं तांदळाच्या उंड्यावरच (जपानीत 'मोची') नेम धरून बाण सोडला. उंड्याचा पांढरा पक्षी झाला, उडून डोंगरमाथ्यावर बसला आणि तिथं भात उगवलं. 'इने नारी', भात आलं, त्यावरून इनारी. अन्नाशी असा खेळ केल्याचा पुढे त्याच्या वंशजांना पश्चात्ताप झाला. मला कथेतला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

जागोजागी कोल्हे बसलेत. हे देव नव्हेत, देवाचे दूत. कुणाच्या तोंडात भाताची लोंबी, कुणाच्या तोंडात किल्ली. ती धान्याच्या कोठाराची.

आता चढण. डोंगर 233 मीटरचा, त्यावर सुमारे 10,000 तोरी. चढताना खांब कोरे दिसतात. जरा मागे वळून पाहा: काळ्या अक्षरांत देणाऱ्याचं नाव आणि तारीख. एदो काळात (1603 ते 1868) नवसाची ही रीत रुजली. शेतकऱ्यांचा देव व्यापाऱ्यांनीही आपला मानला, म्हणून इथं आज दुकानांची आणि कंपन्यांची नावं वाचायला मिळतात.

बहुतेक लोक इथं फोटो काढून परततात. पण या देवस्थानाला स्वतःचं शेत आहे, लहानसं खाचर. ते पाहिल्याशिवाय इनारी कळत नाही, असं मला मनापासून वाटतं. एप्रिलमध्ये बी पेरतात. 10 जूनला लावणी: एकीकडे संथ नृत्य, दुसरीकडे चिखलात वाकून रोपं रोवणारे हात. 25 ऑक्टोबरला कापणी. 23 नोव्हेंबरला हाच नवा तांदूळ देवापुढे ठेवतात.

त्याआधी, 8 नोव्हेंबरला, त्याच भाताचा पेंढा पेटवतात. वसंतात बोलावलेल्या धान्यदेवतेची ही पाठवणी. ज्वाळा उंच जातात, आणि धूर हळूहळू डोंगराकडे सरकतो.