घारीला हद्द ठाऊक नसते

नमस्कार मंडळी. पत्रिकेत विषय 'विमानाला पक्ष्यांचा धोका आणि उपाय' असा छापलाय, उपायांवर येतोच मी, पण आधी आपल्या सांबऱ्याचं, म्हणजे बेळगावच्या विमानतळाचं बोलू की. १९४२ला ब्रिटिशांनी तिथं धावपट्टी केली, तेव्हापासून आपली भातं, जोंधळा आणि विमानं शेजारी शेजारी आहेत.

मी एअरफोर्समध्ये ग्राउंडला होतो. एकदा इंजिन उघडलं तर ब्लेडच्या मुळाशी करडं पीस चिकटलेलं, बोटाएवढं, आणि भाजल्या केसांसारखा वास. टिटवी होती. एवढीशी टिटवी, पण वेग दुप्पट झाला की दणका चौपट बसतो, म्हणून तीन ब्लेड वाकले होते.

आता माझं दुखणं सांगतो, रागवू नका. आमच्या रस्त्याकडेच्या नाल्यात कोंबडीची घाण पोत्यानं पडती. सकाळी आठला बघा, कुत्री पोती फाडतात, आठ-दहा घारी खाली आणि बाकीच्या वर घिरट्या घालतात, ऊन तापलं की गरम हवेवर आणि वर वर. मी एका कार्यालयात गेलो. म्हणाले, अर्ज कन्नडमध्ये द्या. बरं, लेकीकडनं लिहून घेतला, दिला. दुसऱ्यांदा गेलो तर म्हणाले, नाला आमच्या हद्दीत येत नाही. तिसऱ्यांदा गेलो तर अर्जच सापडंना! आपल्याकडं हद्दीचा वाद काय नवा आहे व्हय, पण घारीला ओ हद्द ठाऊक नसते, ती नाल्यावरनं उठती ती थेट विमान उतरायच्या वाटेवर.

आणि नियम नाही असं नाही. १९३७च्या एअरक्राफ्ट रूल्समध्ये ९१ नंबरचा नियम आहे, विमानतळापासून १० किलोमीटरच्या आत परवानगीशिवाय जनावर कापायचं नाही, पक्षी येतील असा कचरा टाकायचा नाही. मुतगा, निलजी, बाळेकुंद्री, सगळं आत आलं.

अध्यक्ष घड्याळ दाखवतायत, तेव्हा भराभर सांगतो. बोस्टनला १९६०मध्ये साळुंकीच्या कुळातल्या पक्ष्यांचा थवा इंजिनांत गेला, ६२ माणसं गेली. न्यूयॉर्कला १५ जानेवारी २००९ला हंसांनी दोन्ही इंजिनं बंद पाडली, पायलटनं विमान नदीत उतरवलं, १५५च्या १५५ वाचले. बहुतेक धडका उतरताना नाहीतर उडताना, जमिनीजवळच होतात, म्हणजे आपल्या डोक्यावर.

विमानतळावर पक्षी हुसकायला नुसता आवाज करणारी गॅसची तोफ असते, फटाके असतात, पण पक्षी आठवड्यात सरावतात, म्हणून जागा आणि वेळ बदलत राहावी लागते. गवत कापलं की किडे उघडे पडतात आणि नांगरामागं येतात तसे बगळे येतात, तेव्हा कापणी विमानं नसताना करायची. पाणी साचू द्यायचं नाही. धडक झाली तर पीस जपून ठेवायचं, कारण पक्षी कुठला ते कळल्याशिवाय तो कशाला येतो ते कळत नाही. टिटवी किड्यांना येती, घार मांसाला, दोघींना एकच उपाय चालत नाही. आणि घारीचा उपाय कुंपणाच्या आत नाहीच, तो आपल्या गावात आहे.

ग्रामसभेला नवा अर्ज द्यायचाय, झाकणाच्या गाडीसाठी आणि घाण पुरायच्या खड्ड्यासाठी. कागद दाराजवळच्या टेबलावर आहे, पेन पण आहे. चिकनवाल्या चौघांनी कालच सही केली, खड्डा द्या, आम्ही नाल्याकडं फिरकणार नाही म्हणाले.