जंबो नावाचा हत्ती

नमस्कार श्रोतेहो. रविवारी दुरुस्तीच्या कामासाठी पश्चिम रेल्वेवर ‘जंबो ब्लॉक’ आहे म्हटलं की मुंबईकर समजून जातो: आज घरीच बसलेलं बरं. करोनाच्या साथीत तर जंबो कोविड केंद्रं उभी राहिली. हा जंबो मुळात एक खराखुरा हत्ती.

पूर्व आफ्रिकेत आईपासून तोडून आणलेलं हे पिल्लू आधी पॅरिसला गेलं. १८६५ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयाने ते एक गेंडा देऊन घेतलं, तेव्हा त्याची पार रया गेलेली होती. मॅथ्यू स्कॉट या माहुताने त्याला मायेने वाढवलं. मोठेपणी खांद्याशी साडेदहा फुटांच्या आसपास भरायचा. लंडनच्या पोरांनी त्याच्या पाठीवर बसून मनमुराद फेऱ्या मारल्या.

पुढे तो रात्री-अपरात्री बिथरायला लागला. धास्तावलेल्या अधिकाऱ्यांनी १८८२ मध्ये तो अमेरिकन सर्कसवाल्या बार्नमला दोन हजार पौंडांना विकून टाकला. लंडनभर हलकल्लोळ! शाळकरी मुलांनी थेट राणी व्हिक्टोरियाला पत्रं धाडली. पण व्यवहार झाला तो झाला.

आता शब्दाकडे वळू. लंडनच्या बोलीत अवजड, धसमुसळ्या माणसाला ‘जंबो’ म्हणायची पद्धत या हत्तीच्या आधीची, १८२०च्या दशकातली. त्याचं मूळ कोणी स्वाहिलीतल्या ‘जुंबे’ म्हणजे मुखिया या शब्दात शोधतं, कोणी आणखी कुठे. पंडितांचं एकमत नाही. मात्र त्याला ‘अगडबंब’ हा अर्थ चिकटला तो हत्तीमुळे, आणि माझ्या मते त्यात बार्नमच्या जाहिरातबाजीचा वाटा मोठा. हा गृहस्थ हत्तीची उंची धड मोजू द्यायचा नाही, सांगताना मात्र वाढवूनच सांगायचा! साबणापासून दोऱ्याच्या रिळापर्यंत सगळ्यावर जंबोचं चित्र झळकलं. पुढे बोइंग ७४७ जंबो जेट झालं, आणि आपला अनिल कुंबळेही जंबो झाला.

१८८५च्या सप्टेंबरात कॅनडातल्या सेंट थॉमस इथे खेळ आटोपून रुळांवरून नेत असताना मालगाडीची धडक बसून जंबो मेला. सोबतच्या हत्तीच्या पिल्लाला वाचवताना त्याने प्राण दिला, अशी कहाणी बार्नमने लगेच पसरवली. धंदा थांबतोय थोडाच! भुसा भरलेला जंबोही तो गावोगाव दाखवत हिंडला आणि शेवटी अमेरिकेतल्या टफ्ट्स विद्यापीठाला देऊन मोकळा झाला. १९७५च्या आगीत तोही जळाला. तिथल्या कोणीतरी त्याची राख पीनट बटरच्या रिकाम्या बरणीत भरून ठेवली. सामन्याआधी विद्यापीठाचे खेळाडू शकुन म्हणून त्या बरणीला हात लावत.